लाल होणाऱ्या चेहऱ्यांची खोली

या पत्रांवरून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. चेहऱ्याच्या निगेची जी खोली मी एकतीस वर्षे चालवली, ती एक ऑक्टोबरपासून माझ्या भाचीकडेच राहावी, आणि हा निर्णय मायेपोटी घेतलेला नाही.

हे निवेदन तीन व्यक्तींसाठी आहे. पहिला माझा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप. मुलीने चांगली नोकरी सोडून लोकांची तोंडे धुण्यात काय मिळवले, हा त्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. दुसरी माझी जुनी सहायिका. तिने एकोणीस वर्षे माझ्या शेजारी उभे राहून काम केले, सध्या ती दुसऱ्यांच्या पार्लरात नोकरी करते, आणि या खोलीवर तिचा हक्क भाचीपेक्षा कमी नव्हता. तिच्या चालण्यावरून आमच्या घरात तिला घाईमावशी म्हणतात. कामात तिने घाई केल्याचे मला आठवत नाही. तिसरी व्यक्ती स्वतः भाची, जिला घरात सगळे छोटी म्हणतात.

गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे मार्चअखेर मी धाकट्या बहिणीकडे दुसऱ्या शहरात राहायला आले. खोली सहा महिन्यांसाठी छोटीच्या हाती दिली. अट अशी होती की तिचे काम पाहून मी तीस सप्टेंबरला ठरवीन : खोली तिच्याकडे राहील, की सहायिकेकडे जाईल. कामाविषयी जे काही असेल ते पत्राने कळवायचे, हीही अट होती. कारण फोनवर झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी दोघांना दोन प्रकारे आठवते.

पत्रे जशीच्या तशी देत आहे. घरगुती मजकूर वगळला आहे. माझ्याविरुद्ध जाणारा मजकूर वगळलेला नाही.

•

१७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

तू सांगितलंस म्हणून पत्र. फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, पण तू 'लिहून कळव' एवढंच म्हणून ठेवून दिला असतास, मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात एक नवीन बाई आल्या. बस चालवतात. दारातूनच म्हणाल्या, "मला गोरं-बिरं काही व्हायचं नाही. फक्त दारुडी दिसायचं नाही." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

चेहरा असा आहे : दोन्ही गाल आणि नाक लाल, कुणी नुकतीच थोबाडीत मारल्यासारखे. नाकाच्या कडेला बारीक लाल धागे. हनुवटीवर थोडं पुरळ. नुसतं बोट टेकवलं तरी ठसा उमटतो आणि बराच वेळ राहतो. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती, तिच्यावर रोझेशिया लिहिलंय. लावायला एक मलम दिलंय, आणि खाली लिहिलंय की सौम्य निगा चालेल, कडक काही करू नये.

त्यांच्या डेपोत ड्युटीवर चढायच्या आधी सगळ्यांना यंत्रात फुंकावं लागतं, दारू प्यायली आहे का ते कळायला. सगळे एकदा फुंकतात. या दोनदा. "पहिल्यांदा शून्य आलं की साहेबांना वाटतं यंत्र बिघडलं," म्हणाल्या. गेल्या महिन्यात एका प्रवाशाने त्यांचं तोंड बघून बसमधून उतरून तक्रार केली. आणखी एक तक्रार आली तर त्यांना गाडीवरून काढून तिकिटांच्या खिडकीत बसवणार आहेत.

आत्या, मला भीती वाटते. मलम डॉक्टरांचं आहेच, मग आपण नक्की काय करायचं? काय लावायचं आणि काय लावायचं नाही ते कळव.

बाकी खोली ठीक. अजून तुझीच वाटते. मी खुर्चीची पाठ जरा खाली केली तरी बायका म्हणतात, "आत्या वर ठेवायच्या."

तुझी,
छोटी

•

२५ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. वर्णन बरे आहे. 'थोबाडीत मारल्यासारखे' हे मात्र वर्णन नव्हे, मत आहे. लाली कोठून कोठपर्यंत आहे आणि किती वेळात उतरते, हे पुढच्या वेळी लिही.

प्रथम मर्यादा समजून घे. रोग डॉक्टरांचा आहे. आपल्याकडे केवळ चेहरा येतो. त्यांच्या मलमाला आपण हात लावायचा नाही, त्याची वेळ बदलायची नाही, त्याच्याविषयी मत द्यायचे नाही. आपले काम एवढेच की या त्वचेला आपल्या खोलीत नवा त्रास होऊ नये, आणि तिचे जे संरक्षक आवरण विरले आहे ते पुन्हा भरून येण्यास अवसर मिळावा.

म्हणून वाफ नाही. खरखरीत दाण्यांनी घासणे नाही. पुरळ दाबून काढणे नाही. सुगंध, कापूर, पुदिना, स्पिरिट यांपैकी काहीही ज्यात आहे ते त्या चेहऱ्याजवळ नेऊ नये, मग बाटलीवर 'थंडावा देणारे' असे कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो. त्या थंडाव्याचे थोड्याच वेळात आगीत रूपांतर होते. सोलून काढणारी आम्ले नाहीत. फेस न करणाऱ्या दुधाळ क्लीन्झरने, कोमट म्हणजे हाताला ना गार ना गरम लागेल अशा पाण्याने चेहरा धुवावा. पुसू नये, टिपावा. त्यावर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर, आणि दिवसा झिंकचे सनस्क्रीन. ही बाई काचेमागे उन्हात बसते, तेव्हा सनस्क्रीन हा तिच्या बाबतीत अर्धा उपचार समज.

नवी वस्तू एका वेळी एकच. आधी जबड्याखाली लावून दोन दिवस पाहायची, मग चेहऱ्यावर आणायची, आणि दोन आठवडे दुसरे काही बदलायचे नाही. तसे केले नाही तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळण्याचा मार्गच राहत नाही.

जे लावशील ते सर्व कार्डावर लिही. दर भेटीला एक ओळ. रकाने मी आखून ठेवले आहेत.

भीतीविषयी तू लिहिलेस. भीती हे कामाचे कारण होऊ शकत नाही आणि काम न करण्याचेही.

तुझी आत्या

•

२० मे

ती. आत्यास,
सा. न.

हे सांगायला बरं वाटत नाहीये. बसवाल्या बाईंच्या तीन भेटी झाल्या आणि तिन्ही वेळा त्या आल्या त्यापेक्षा लाल होऊन गेल्या. लाली दोन्ही गालांच्या मध्यापासून नाकावरून आरपार, आणि उतरायला दीड ते दोन दिवस. (बघ, मत नाही, वर्णन.)

वाफ नाही, घासणं नाही, वास नाही. तू सांगितलंस तेच क्लीन्झर, तेच मॉइश्चरायझर, तेच झिंकचं सनस्क्रीन. एक वस्तू मी माझ्या मनाने घेतली आहे : नायसिनमाइडची क्रीम, कमी प्रमाणातली. अशा त्वचेचं आवरण सुधारायला ती बऱ्याच जणांना चालते, आणि डॉक्टरांना फोन करून विचारलंही होतं. जबड्याखाली दोन दिवस लावून पाहिली, काही झालं नाही. पहिल्या भेटीपासूनच सुरू केली. घरी लावायला एक ट्यूब त्यांना दिली. कार्डाची नक्कल सोबत जोडली आहे.

वाईट ह्याचं वाटतं की त्यांना इथे यायला आवडतं. येतात, बूट काढतात, टॉवेल चेहऱ्यावर घेतात आणि म्हणतात, "आता दोन मिनिटं मला कुणी घंटी मारायची नाही." आणि मग दुसऱ्या दिवशी डेपोत साहेब म्हणतात, "काय बाई, काल जोरात झाली वाटतं?" एकदा तर तीन वेळा फुंकायला लावलं.

काल जाताना म्हणाल्या, "छोटी, तू पोरगी चांगली आहेस गं, पण तुझ्याकडून गेले की मी जास्तच पिऊन आल्यासारखी दिसते."

माझं काय चुकतंय?

छोटी

•

२९ मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

कार्डाची नक्कल पाहिली. आता शांतपणे विचार करू.

बाईंचा चेहरा प्रत्येक भेटीनंतर बिघडतो. म्हणजे कारण भेटीत आहे. बसमध्ये, उन्हात किंवा जेवणात नाही, कारण ते रोजचेच आहे. भेटीत त्या चेहऱ्याला चार वस्तू लागतात : क्लीन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि तुझी क्रीम. यांपैकी पहिल्या तीन मी याच प्रकारच्या त्वचेवर वर्षानुवर्षे वापरल्या आहेत आणि त्यांनी कधी अपकार केल्याचे माझ्या नोंदींत नाही. चौथी नवी आहे. तीन गेल्या, उरली एक. कारण तीच.

तू म्हणशील, जबड्याखाली काही झाले नाही. जबड्याखालची कातडी आणि गालाची कातडी एक नव्हे. तू म्हणशील, बऱ्याच जणांना चालते. ज्यांना चालत नाही त्यांतली ही एक. नायसिनमाइड काहींना झोंबते, हे ट्यूबवर छापलेले नसते.

क्रीम तत्काळ बंद कर आणि घरची ट्यूबही बंद करायला सांग.

आणखी एक सांगते, राग मानू नकोस. वस्तू निवडणे ही वाचनाची कला नव्हे. तुझ्या पिढीला डबीवरची अक्षरे पाठ असतात. चेहरा मात्र पाठ करावा लागत नाही, पाहावा लागतो.

तुझी आत्या

•

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

उशीर झाला, माफ कर. क्रीम तुझं पत्र आलं त्याच दिवशी बंद केली. जून महिन्यात बाईंच्या तीन भेटी झाल्या. चेहरा शांत होतोय. भेटीनंतरची लाली आता तासाभरात उतरते. पुरळ जवळजवळ गेलंय. डेपोत दोनच वेळा फुंकावं लागतं, म्हणजे प्रगती आहे.

खोलीत मी थोडे फेरबदल केलेत. तू इथे असतीस तर तुला ते आवडले नसते.

घाईमावशी येऊन गेल्या. चहा घेतला, मग पर्समधून टेप काढून खिडकीची मापं घेतली. मी विचारलं, "कशाला हो?" तर म्हणाल्या, "सहज." सहज कुणी टेप घेऊन फिरतं का गं?

छोटी

•

१० जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून समाधान वाटले. क्रीम होती तोवर लाली होती. क्रीम गेली, लाली गेली. यापेक्षा स्वच्छ पुरावा या धंद्यात क्वचित मिळतो. जपून ठेव.

फेरबदलांविषयी : कपाटे तुझ्या सोयीने लाव, मला हरकत नाही.

सहा महिन्यांपैकी तीन संपले. मी तुला अंधारात ठेवू इच्छित नाही. तुझा हात हलका आहे, ग्राहकांशी तू बरी वागतेस, डॉक्टरांना विचारलेस हेही योग्य केलेस. पण निवड कच्ची आहे, आणि लाल होणाऱ्या चेहऱ्यांच्या बाबतीत निवड हेच सर्वस्व. हे प्रकरण निकाल देताना माझ्यासमोर राहील.

तुझी आत्या

•

या पत्राला उत्तर आले नाही. पाच आठवड्यांनी पुढील पत्र आले. ते मला अनोळखी अक्षरातले होते.

•

१२ ऑगस्ट

आत्याबाईंना नमस्कार.

मी बस चालवते. तुमच्या खोलीत मला सगळे बसवाल्या बाई म्हणतात, त्यामुळे तुम्हाला कळेल. तुमचा पत्ता खोलीच्या भिंतीवरच्या कागदावर आहे, 'तक्रार असल्यास लेखी कळवावी' असा. माझी तक्रार आहे.

परवा छोटी खुर्ची पुसता पुसता म्हणाली, ऑक्टोबरनंतर इथे कदाचित दुसऱ्या बाई असतील. मी म्हटलं का गं बाई? मग तिच्या तोंडून काढून घेतलं. तुम्ही तिला लिहिलंय म्हणे की तिची क्रीम माझ्या तोंडाला बाधली, तिला पारख नाही.

आत्याबाई, मी ती क्रीम सोडलेलीच नाही. छोटीने मला बंद करायला सांगितली होती, मी हो म्हटलं. पण ती लावली की गाल खेचल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून घरची ट्यूब अंघोळ झाली की रोज लावत राहिले. ती संपली तर दुकानातून दुसरी आणली. छोटीला सांगितलं नाही, उगाच कशाला बिचारीची बोलणी खायची. आता हे असं अंगाशी येईल हे मला काय माहीत? तिच्या अंगाशी म्हणते मी.

आणि मी बरी झाले ती टॉवेलमुळे. म्हणजे टॉवेल बंद झाला त्यामुळे. आधी गेलं की गरम गरम टॉवेल तोंडावर असायचा. काय सुख होतं हो! दिवसभर हॉर्न ऐकून आल्यावर त्या टॉवेलखाली मला माझी आई आठवायची. जूनमध्ये छोटीने तो एकदम बंद केला, त्या जागी साधं ओलं फडकं. मी दोनदा मागितला. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा जरा चिडूनच मागितला तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्हाला टॉवेल हवाय की गाडी?" मी म्हटलं, गाडी.

गेले तीन आठवडे मी एकदाच फुंकते, सगळ्यांसारखी. साहेब म्हणाले, "काय, सोडली वाटतं?" मी म्हटलं, "हो साहेब, टॉवेल सोडला." त्यांना काही कळलं नाही.

तर माझी तक्रार ही की छोटीला काढू नये. दुसरी तक्रार नाही. खुर्ची चांगली आहे.

आपली,
बसवाली

•

१८ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन प्रश्न विचारते. मोजकी उत्तरे दे.

बसवाल्या बाईंच्या चेहऱ्यावरचा गरम टॉवेल तू बंद केलास का, आणि कोणत्या तारखेला?

केला असल्यास मला का कळवले नाहीस?

तुझी आत्या

•

२६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

हो. ३ जूनला.

मोजकी उत्तरं दे म्हणालीस, पण दुसऱ्याचं मोजकं उत्तर माझ्याकडे नाही, त्यामुळे वाच.

क्रीम बंद करायचं तुझं पत्र आलं, त्यानंतर बाई ३ जूनला आल्या. क्रीम काढून ठेवली होती. नेहमीसारखा टॉवेल गरम ठेवायच्या पेटीतून टॉवेल काढला, त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला, दोन मिनिटांनी उचलला. आणि तू लिहिलं होतंस ना, चेहरा पाहावा लागतो म्हणून, तर त्या दिवशी हातात काही घ्यायच्या आधी मी नुसती बघत उभी राहिले. गाल पेटले होते. अजून मी काही लावलंच नव्हतं! क्लीन्झरची बाटलीसुद्धा उघडली नव्हती. मग आठवलं, दर वेळी असंच असायचं, फक्त मी टॉवेल उचलल्या उचलल्या क्लीन्झर लावायचे, त्यामुळे लाली क्लीन्झरच्या पांढऱ्याखाली झाकली जायची आणि धुतल्यावर वाटायचं की धुण्याने झाली.

आपण वाफ नको म्हणतो, गरम पाणी नको म्हणतो आणि स्वागत म्हणून वाफेचा टॉवेल तोंडावर ठेवतो, आत्या. कार्डावर तो नाही, कारण तो सगळ्यांनाच असतो. घाईमावशींनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "टॉवेल हा उपचार नाही, टॉवेल म्हणजे या-बसा." तूच त्यांना शिकवलं असशील.

मग त्याच दिवसापासून बंद केला. आपल्याकडे असा चेहरा असलेल्या अजून दोघी येतात, ग्रंथालयातल्या बाई आणि बेकरीवाल्या. त्या दोघींना सगळं सांगून, विचारून, एका भेटीला टॉवेल आणि एका भेटीला ओलं फडकं, असं चार चार भेटी केलं. आणि टॉवेल उचलल्यावर दहा मिनिटं काही न लावता नुसतं पाहिलं. टॉवेलच्या दिवशी दोघी लाल. फडक्याच्या दिवशी नाहीत. तारखा आणि मिनिटं सोबतच्या कागदावर आहेत.

का नाही कळवलं? कारण मी काय लिहिणार होते? तुझ्या पत्रात ठरलं होतं की दोष माझ्या क्रीमचा. त्यावर मी लिहिलं असतं की नाही, तुझ्या टॉवेलचा, तर तू काय म्हणाली असतीस ते मला तुझ्या आवाजात ऐकू येत होतं : 'स्वतःची निवड झाकण्यासाठी माणूस दुसऱ्याच्या सवयीकडे बोट दाखवतो.' तुझ्यासारखं तर्कशास्त्र मी शिकलेले नाही. तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे मला आधीच घाम फुटतो.

आणि खरं सांगायचं तर मला सिद्धही करता आलं नसतं. बाईंनी क्रीम आणि टॉवेल एकदमच सोडले, असं मी धरून चालले होते. दोन्ही एकदम गेल्यावर गुण कशाचा, हे कसं सांगणार? तूच शिकवलंस की एका वेळी एकच बदलायचं, आणि मी दोन बदलले. त्यांनी क्रीम सोडलीच नव्हती, हे मला त्यांनी तुला पत्र टाकल्यावर सांगितलं. तोवर मलाही नक्की माहीत नव्हतं. क्रीम निर्दोष आहे असं मी तेव्हा म्हटलं असतं तर तो अंदाज झाला असता.

कार्डं संपत आली होती. नवी छापताना एक रकाना वाढवलाय : चेहऱ्याला उष्णता कशाने लागली, किती वेळ. खोली कुणाकडेही गेली तरी तो राहू दे, एवढं कर.

छोटी

•

निवेदनाचा उत्तरार्ध
३० सप्टेंबर

पुरावा संपला. आता निष्कर्ष.

क्रीम हे कारण असते, तर क्रीम चालू असताना चेहरा शांत होणे शक्य नव्हते. क्रीम चालू राहिली आणि चेहरा शांत झाला. म्हणून क्रीम कारण नव्हे. टॉवेल गेला आणि लाली गेली. अन्य दोन स्त्रियांच्या बाबतीत टॉवेल परत आला तेव्हा लाली परत आली, आणि त्या वेळी चेहऱ्यावर दुसरे काहीही नव्हते. म्हणून कारण टॉवेल. माझ्या २९ मेच्या पत्रातील 'तीन गेल्या, उरली एक' हा युक्तिवाद आकाराने निर्दोष होता. त्यात गणती चार वस्तूंची होती आणि चेहऱ्याला पाच लागत होत्या.

भाचीची योग्यता मात्र टॉवेल सापडण्यावर मी ठरवत नाही. ते एखाद्या योगायोगानेही घडू शकले असते. ती ज्यावर ठरते ते असे. तिने हात लावण्यापूर्वी पाहिले. इतरांवर पडताळताना त्यांना विचारले. आणि खोली पणाला लागलेली असताना, स्वतःच्या बाजूचा पुरावा अपुरा होता हे तिने आपण होऊन मला लिहिले. तिसरी गोष्ट मी एकतीस वर्षांत फार थोड्यांमध्ये पाहिली. तिने माझ्यापासून बदल लपवला, हे गैर झाले. ते लपवावेसे तिला का वाटले, याचे उत्तर २९ मे आणि १० जुलैच्या माझ्या पत्रांत वाचणाऱ्याला सापडेल.

म्हणून खोली छोटीकडे राहील. माझ्या भावाने तिला एकदा खोलीत जाऊन पाहावे. वेळ ठरवून जावे. हल्ली तिच्याकडे गर्दी असते.

हे सांगण्यासाठी मी गेल्या आठवड्यात सहायिकेला येथे बोलावून घेतले. ती सकाळच्या गाडीने आली. मी सर्व पत्रे तिच्यापुढे ठेवली आणि तिने ती उभ्याउभ्याच वाचली, जशी ती सगळे करते. बसवाल्या बाईंच्या पत्राला हसली. छोटीच्या शेवटच्या पत्राशी थांबली, बसली, आणि ते दोनदा वाचले.

"पोरगी बरोबर आहे, बाई," ती म्हणाली. "टॉवेल उचलल्या उचलल्या आपण क्लीन्झर थापायचो. मी एकोणीस वर्षं थापलं."

मी म्हणाले, "तुम्हाला जे कळवले होते ते मला मागे घ्यावे लागणार."

"ते कळलं मला, म्हणून तर बसले." मग तिने पर्स उघडून एक दुमडलेला कागद दाखवला. पार्लरातल्या नोकरीचा राजीनामा होता. "मे महिन्यातच लिहिला. दिला मात्र नाही. तुम्हीच सांगत आलात ना, तारीख आल्याशिवाय निकाल धरायचा नाही? म्हटलं, तीस सप्टेंबरपर्यंत थांबू."

मी राजीनामा वाचून तिच्या हाती परत दिला. शेवटी मी म्हणाले, "माझे चुकले."

"काय म्हणालात?"

"माझे चुकले."

तिने राजीनामा घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "तोंडी नको, बाई. तोंडी बोललेलं उद्या तुम्हाला एक आठवेल आणि मला दुसरं. लिहून द्या. तारीख घालून, सही करून. आणि मला एकटीला नको, छोटीलाही द्या. तिला अजून वाटतंय की तिची परीक्षा चालली होती."

तिची मागणी रास्त आहे. म्हणून :

मी मान्य करते की ९ मे रोजी मी माझ्या सहायिकेला पत्राने कळवले की एक ऑक्टोबरपासून खोली तिची. त्या दिवशी माझ्या हाती छोटीचे एकच पत्र होते, सतरा एप्रिलचे; त्यात तिने भीती वाटते असे लिहिले होते, आणि तेवढ्यावरून मी ठरवले की हिला जमणार नाही. छोटीला तीस सप्टेंबरची तारीख सांगून मी निकाल नऊ मेलाच दिला होता. त्यानंतर मी जे जे तपासले, ते कारण शोधण्यासाठी तपासले नाही. दिलेल्या निकालाला आधार मिळावा म्हणून तपासले. चूक ती.

छोटीची आत्या